उतेकर काकींचा भेरला

उतेकर काकींना जाऊन दोन पावसाळे झाले. तरीही जिन्यात कुणी बादली आपटली की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते आणि तोंडातून निघून जातं, “काकी, पुरे आता पाणी!” मग आमची ही आतून ओरडते, “अहो, जिना धुणारी बाई आहे ती.” काही माणसं आठवली की आधी डोळे भरून येतात म्हणे. काकी आठवल्या की माझं आधी डोकं फिरतं. डोळ्यांचं नंतर बघू.

महाडात आमची तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली, जुनी सोसायटी आहे. मी हायस्कुलात गणित शिकवतो. म्हणजे माणूस हिशेबाला बरा असणार, एवढ्या एका गुणावर लोकांनी मला सेक्रेटरी करून टाकलं आणि स्वतः मोकळे झाले. दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोरचा फ्लॅट सुनील उतेकरचा. तो नोकरीला डोंबिवलीत. फ्लॅट घेतला, कुलूप लावलं आणि वर्षातून एकदा गणपतीला येऊन झुरळं मारून जायचा. असा शेजार मला फार आवडायचा.

मग एका मे महिन्यात त्या फ्लॅटमध्ये त्याची आई आली. पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी होती. वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली आणि ती रुंदावायला लागली, तेव्हा पावसाळ्याच्या आत वाडी खाली करा असा हुकूम झाला. लोकांनी म्हशी विकल्या, देव उचलले, भांडी बांधली आणि ज्याला जिथे आसरा मिळाला तिथे तो गेला. काकी जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांचं एक गाठोडं होतं, देवाचे टाक होते, आणि मातीने भरलेला तेलाचा पत्र्याचा डबा होता. डब्यात गुडघ्याएवढं एक रोप. ते गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि डबा स्वतः छातीशी धरून दोन मजले चढल्या. गुडघे दुखतात म्हणून मधे दोनदा थांबल्या, पण डबा खाली ठेवला नाही.

“काकी, हे काय आणलंत?” मी विचारलं.

“भेरला.”

“घरात ठेवणार?”

“मग काय गटारात ठेवू?”

ही आमची पहिली ओळख. पुढची चारेक वर्षं आमचं बोलणं साधारण याच चालीवर झालं.

भेरला म्हणजे भेरली माड. नारळ-सुपारीच्या भावकीतला, पण आमच्या डोंगरात आपोआप उगवणारा. पानं माशाच्या शेपटासारखी फाटलेली. मोकळ्यावर वाढला तर घराच्या कौलांच्याही वर जातो. हल्ली शहरातल्या नर्सऱ्यांत याच जातीची रोपं दिवाणखान्यात ठेवायला म्हणून विकतात. पुण्याला माझ्या मावसभावाकडे चिनीमातीच्या कुंडीत असंच एक आहे आणि त्याची मुलं त्याला हातसुद्धा लावत नाहीत. त्यामुळे मी काही बोललो नाही. म्हातारीला विरंगुळा होईल, असंच वाटलं. माझ्या आयुष्यात मी जे काही चुकीचे अंदाज केले, त्यात हा फार वरचा आहे.

“ह्ये इथं पाहुणं हाय, मास्तर,” काकी म्हणाल्या. “सरकार जागा देनार हाय. जागा मिळाली की दारात लावायचं. तवर सांबाळायचं.”

वाडीच्या तोंडाशी एक जुना भेरला होता, त्याच्याखालचं हे रोप. वाडीत कुणाचंही लग्न असो, मांडवाच्या दाराला त्या झाडाचं पान लागायचं. त्याच्याशिवाय मांडव पुरा झाला असं कुणी मानत नसे. त्याच पावसाळ्यात डोंगर खाली आला. माणसं आधीच निघाली होती म्हणून कुणाला काही झालं नाही, पण घरं गेली आणि तो भेरलाही गेला. बातमी आली त्या दिवशी काकी रडल्या नाहीत. डब्याशेजारी पाट टाकून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या रोपाचं त्यांच्या लेखी काय मोल झालं, हे मलाही कळत होतं. पण कळलं म्हणून सोसवतंच असं नाही.

काकींनी जन्मभर म्हशी सांभाळलेल्या. जीव सांभाळायची त्यांना ती एकच रीत माहीत होती. पहाटे उठून आधी भेरल्याकडे जायचं, मातीत बोट खुपसायचं, पाठीवरून हात फिरवावा तसा देठावरून फिरवायचा आणि रात्रभराची विचारपूस करायची. मग ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं, वरून आणि खालून. त्यानंतर डबा फिरवायचा. “एकाच अंगानं उजेड खाल्ला की वाकडं होतं,” असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण पत्र्याचा डबा लादीवरून फिरवताना जो आवाज होतो तो एकदा ऐकून बघा. आमच्या इमारतीत त्या वर्षी कुणाला गजर लावावा लागला नाही.

पंखा त्यांनी बंद करून टाकला. वाऱ्याने पानांची टोकं वाळतात. महाडच्या मे महिन्यात, खाली सावित्रीचं पात्र भट्टीसारखं तापलेलं असताना, ही बाई पंखा बंद ठेवून बसायची आणि आल्यागेल्यालाही बसवायची. मी देखभालीच्या कामासाठी गेलो की घामाने निथळत उभा राहायचो. एकदा न राहवून बटणाकडे हात नेला, तर म्हणाल्या, “तुमाला उकडतंय तर खाली जाऊन बसा. त्याला जाता येत नाय.” सुनेने हौसेने लावलेले पडदे काढून काकींनी त्यांची पायपुसणी केली, कारण पडद्याने उजेड अडतो. शनिवारी भेरल्याची दृष्ट काढायच्या. मिरच्या-मोहऱ्यांचा धूर जिन्यात भरायचा आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं खोकायची. झाड छान आलंय असं चुकून कुणी म्हटलं, की त्याच्या देखत झाडाला शिव्या घालायच्या. “कसलं छान? मेलं नुसतं खातंय!” आणि पाहुणा गेला की त्याला समजावत बसायच्या.

दासगावच्या एका ओळखीच्या बाईकडून शेणखत मागवलं, तेव्हा माझ्याकडे पहिली लेखी तक्रार आली. खत नीट वाळलेलं नव्हतं आणि काकींनी ते गॅलरीत पसरून ठेवलं होतं. मी जाऊन सांगितलं, काकी, वास येतो.

“शेनाला शेनाचाच वास येनार. तुमच्या घरात त्या उदबत्त्या लावतात, त्याचा काय बरा येतो? मी कधी बोलली?”

“वासराला आन् रोपाला पोटभर द्यायचं नाय, थोडी भूक ठेवायची,” हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दोनदा तरी म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता तांब्याने पाणी घालायच्या. मी एकदा सांगितलं की थंडीत कमी पाणी लागतं, मुळं कुजतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गणिताचा मास्तर आहे हे मला प्रथमच कमीपणाचं वाटलं. पण डब्याला त्यांनी खालून भरपूर भोकं पाडून घेतली होती, त्यामुळे मुळं वाचली. वाचलेलं पाणी कुठे जायचं ते पुढे सांगतो.

पहिल्या मजल्यावर, काकींच्या बरोबर खाली, पाटील वहिनी राहतात. माहेर श्रीवर्धनकडचं, नारळाच्या वाडीत वाढलेल्या. काकींचं आणि त्यांचं एका शब्दावर जमत नसे. वरची आणि खालची, डोंगरातली आणि खाडीकडची, दोघी एकमेकींना अडाणी समजायच्या. पण पुढच्या मे महिन्यात पाटील वहिनी जिन्यात म्हणाल्या, “आमच्याकडे पावसाआधी माडाला मीठ घालतात हो. त्याशिवाय माड जोम धरत नाही.” ही गोष्ट खरी आहे. किनाऱ्याला ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. काकींनी कधी नव्हे तो त्यांचा शब्द मानला. भेरलाही माडच की! पिशवीभर खडेमीठ आणून त्यांनी डब्यात ओतलं आणि वर कुठूनशी आणलेली राख पसरली. कुणाला सांगितलं नाही.

आठवडाभरात पानांची टोकं तपकिरी झाली. मग कडा. काकींनी दोन दिवस दृष्ट काढून बघितली आणि तिसऱ्या दिवशी माझं दार वाजवलं. तोंड एवढंसं झालेलं. “मास्तर, ह्ये जळतंय.”

मी बोटाने माती उकरली तर खालून मिठाचे खडे निघाले. माझा संताप अनावर झाला. म्हटलं, “अहो, वाडीत घातलेलं मीठ पावसाने धुऊन जातं, जमीन केवढी असते! या डब्यातून ते कुठे जाणार? तुमच्या जेवणात मूठभर मीठ टाकलं तर तुम्ही जेवाल का?” त्या एक शब्द उलट बोलल्या नाहीत, आणि मला तेच आवडलं नाही. “आता काय करू?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, भरपूर पाणी घालून मीठ धुवून काढा.

हे मी बोलायला नको होतं. काकींनी डबा गॅलरीत ओढला आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. दिवसभर आणि दुसऱ्याही दिवशी. डब्याच्या भोकांतून ते खारं पाणी गॅलरीत, गॅलरीच्या नळीतून खाली, आणि खाली पाटील वहिनींच्या कुरडया वाळत घातलेल्या. वहिनी तरातरा वर आल्या. मी मधे. “माझ्या कुरडयांचा चिखल झाला!” वहिनी म्हणाल्या.

“मीठ तुमीच सांगितलंत,” काकी बादली खाली न ठेवता म्हणाल्या. “घ्या आता परत.”

भेरला वाचला. टोकं जळालेली पानं हळूहळू गळून नवी आली. पाटील वहिनींच्या घरी कुरडयांचं पीठ भरून देण्याची वाटाघाट मी केली. त्या पिठाच्या पातेल्याला काकींनी वरून झाकण म्हणून जे ताट दिलं होतं, ते अजून वहिनींकडेच आहे.

पुराच्या वेळची गोष्ट तर अजून वेगळी. महाडात पावसाळ्यात भोंगा वाजला की तळमजल्याचं सामान वर न्यायचं, हे इथे पोरांनाही शिकवावं लागत नाही. त्या वर्षी भोंगा वाजला आणि तळमजल्यावरचे कदम फ्रीज घेऊन दुसऱ्या मजल्यावर आले. काकींचा हॉल रिकामा. प्लग एकच, खिडकीच्या कोपऱ्यात. तिथे भेरला.

“काकी, झाड जरा सरकवा, फ्रीज ठेवायचाय.”

“फ्रीजला उजेड लागतो काय?”

“तिथे प्लग आहे हो!”

“वीज हाय काय?”

वीज नव्हती. ती पुढचे दोन दिवस येणार नव्हती हेही सगळ्यांना माहीत होतं. तरीही फ्रीज प्लगजवळच असावा असं आम्हा शिकलेल्या माणसांना का वाटत होतं, देव जाणे. फ्रीज दारात राहिला, आणि जाणारायेणारा प्रत्येक जण त्याला गुडघा आपटून घेत काकींच्या नावाने बोटं मोडत होता. पण कदमांच्या घरच्या सगळ्यांना काकींनी दोन दिवस पिठलं-भाकरी घातली, आपला पलंग त्यांच्या आजीला दिला, आणि स्वतः डब्याशेजारी चटईवर झोपल्या. या बाईवर धड रागावतासुद्धा यायचं नाही. अर्ध्यात कुठेतरी ती राग मोडून टाकायची.

बाजाराच्या दिवशी वाडीची माणसं यायची. कुणी पोलादपुरात भाड्याने, कुणी महाडात, कुणी नातेवाइकांकडे. चपलांचा ढीग माझ्या दारापर्यंत यायचा. आत आले की काकींना कसं काय विचारायच्या आधी भेरल्याकडे जायचे. नवं पान सुरळीत आहे की उघडलं, एवढं बघून घ्यायचे आणि मग पाणी मागायचे. त्यांचं बोलणं मला दारातून ऐकू यायचं. वाडीतला कोणता दगड कुठे होता, कुणाच्या परसात कुठली वाट उतरायची, यावर तासन्‌तास वाद. त्या वाटा आता नव्हत्याच. तरी एकाचं खरं ठरेपर्यंत दुसरा उठायचा नाही. पेपर तपासायला बसलेला मी डोक्याला हात लावायचो.

त्यांच्यातला गणपत नावाचा एक म्हातारा एकदा नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मीही तिथेच होतो, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचं सांगायला गेलेलो. लग्न महाडातल्याच एका मंगल कार्यालयात. पत्रिका भेरल्यापाशी ठेवून तो म्हणाला, “भागीबाय, मांडवाला एक पान दे.”

काकी भडकल्याच. “पानं किती हायत बघतोस ना? एक कापलं की झाड माघारी जातं. डब्यातलं झाड हाय ह्ये, डोंगरातलं नाय. बाजारात झेंडू मिळतो, तो लाव.”

गणपत म्हणाला, “बरं.” चहा प्याला, कप धुऊन पालथा घातला आणि गेला. काकी बसून राहिल्या. मी टाकीचं बोलायला सुरुवात केली तेवढ्यात त्या ताडकन उठल्या आणि गॅलरीत जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, “ए गणपत! थांब रे! कुठं पळतोस?”

सगळ्यात खालचं पान त्यांनी स्वतः कोयत्याने काढलं, देठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि लग्नाच्या दिवशी स्वतः घेऊन निघाल्या. बरोबर मी. का, तर सजावटवाला पानाला खिळा मारील, त्याला कुणीतरी शिकलेल्या माणसाने सांगायला हवं. मला पत्रिका नव्हती, आहेर नव्हता, वधूचं नाव माहीत नव्हतं. दारात थर्माकोलचे हत्ती आणि प्लास्टिकची फुलं. सजावटवाला म्हणत होता, हे पान डिझाइनमध्ये बसत नाही. मी त्याच्याशी घासाघीस करत असताना काकींनी पदराची गाठ सोडून सुतळी काढली आणि हत्तीच्या सोंडेला पान बांधून टाकलं. मग वाडीच्या बाया येत गेल्या. प्रत्येकीने आत शिरताना थांबून पानाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग ती गेली. गणपत मात्र तिथेच उभा राहिला, लग्न लागेपर्यंत. मला भरून आलं होतं हे कबूल करतो. ते लपवायला मी जिलब्या जरा जास्त खाल्ल्या.

त्यानंतर भेरला महिनाभर रुसला, म्हणजे नवी सुरळी आली नाही, आणि त्या महिन्यात काकी आमच्याशी धड बोलल्या नाहीत.

तेलाच्या डब्याचा निळा ड्रम झाला. झाड छताला लागलं. सुरळी छतावर टेकून वाकडी व्हायला लागली, तेव्हा सुनीलचा मला फोन आला. “काका, आई देवळात गेली की वरून शेंडा छाटून टाका ना. तिला कळणार पण नाही.” हा मुलगा डोंबिवलीत जाऊन डोंगर विसरला. माडाच्या जातीला वाढायला शेंडा एकच असतो, तो गेला की झाड गेलं, हे कोकणात कुणाला सांगावं लागतं? मी त्याला चांगलंच झापलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी काकींच्या बाजूने भांडलो. त्याचाही मला राग आला.

काकींकडे स्वतःचा उपाय तयार होता. “मास्तर, वरच्या बिऱ्हाडाला विचारा. एवढंसं भोक पाडलं तर?”

“स्लॅबला?”

“तुमी शेकेटरी हाय ना?”

मी त्यांना हात जोडले. मग त्यांनी मला न विचारता गड्यांकडून ड्रम जिन्यात आणवला, जिथे मधली जागा वरपर्यंत मोकळी आहे आणि मोठ्या खिडकीतून उजेड येतो. झाडाची सोय उत्तम झाली. माणसांना मात्र भिंतीला पाठ घासत चढावं लागू लागलं. गॅसचा सिलिंडर येईना, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांची दप्तरं पानांत अडकायला लागली. सभा भरली. काकी आल्या, सगळं ऐकून घेतलं. शिमग्यापर्यंत झाड हलवायचं असं ठरलं. मी म्हटलं, खाली अंगणात ठेवू. त्या म्हणाल्या, “खाली पानी येतं. ड्रम वाहून गेला तर तुमी पवनार?” सभेत हशा झाला, पण ठराव झालाच. घरी जाताना त्यांनी जिन्यात माझा हात धरला. “मास्तर, जागा नाय मिळाली आन् ह्ये बी गेलं, तर वाडी कुठं होती ते दाखवायला काय राहील?” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काकुळतीने काही मागितलं होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं.

आणि शिमग्याच्या आत किल्ल्या आल्या. पोलादपूरच्या पुढे, सपाट केलेल्या मुरमाड उतारावर सरकारी वसाहत. एकसारखी घरं, रांगेत, आणि मधे एक झाड नाही. सुनील म्हणाला, आई, कुलूप लावून ठेवू, तू फ्लॅटमध्येच राहा. मी म्हटलं, काकी, मृग लागू दे. इतकी वर्षं सावलीत वाढलेलं झाड एकदम चैत्राच्या उन्हात नेऊ नका, करपेल. तोवर जिन्यात राहू दे, मी सभेला समजावतो.

“आनी तवर किल्ली परत मागितली तर? तिथं कुनी ऱ्हात नाय म्हनून दुसऱ्याला दिली तर?”

“असं होत नाही हो.”

“डोंगर खाली येत नाय म्हनून बी सांगत होतेच की.”

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिला घाई झाली होती आणि चुकीच्या ऋतूत झाली होती. एवढंच नाही, तर न्यायला दिवस कुठला निवडावा? मार्चमधला तो, ज्या दिवशी चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं येतात आणि गावात सायकलसुद्धा शिरत नाही. टेम्पोवाला हमरस्त्यावरच थांबला. आम्ही ड्रम जिन्यातून उतरवला आणि गर्दीच्या तोंडाशी अडकलो. मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतले चार-पाच जण न बोलावता पुढे आले आणि ड्रम खांद्याला लावला. नागपूरकडचे होते. वाटेत एकाने विचारलं, “आजी, कोणतं झाड म्हणायचं हे?” झालं. काकींनी त्यांना वाडीच्या भेगेपासून पाटील वहिनींच्या मिठापर्यंत सगळं सांगितलं आणि ते बिचारे ड्रमाच्या ओझ्याखाली “हो का? हो का?” करत चालले.

काकी टेम्पोत पुढे बसल्या नाहीत. मागे, आडव्या झाडाचा शेंडा मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलल्या. “जिना धुवून घ्या. माती सांडलीय.”

भेरला जगला, हे आधीच सांगून टाकतो. आता तो वसाहतीच्या तोंडाशी उभा आहे आणि यंदा तिथल्या दोन लग्नांना त्याची पानं लागली. काकी मात्र त्याच वर्षी श्रावणात गेल्या, झोपेत. त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, वैशाखात.

सुनीलचा फोन आला होता, आई फोन उचलत नाही, जरा बघून याल का? मी कुरकुर करत निघालो. पोलादपूरला उतरलो, रिक्षा केली, वसाहतीच्या खाली उतरून चढ चढलो. भर दुपार. मुरूम असा तापलेला की चपलेतून चटके बसत होते. दारं सगळी लावलेली, कुत्रंही बाहेर नाही.

तोंडाशीच पहिल्या घरापुढे, पुरुषभर बांधाच्या खालच्या अंगाला भेरला लावलेला, शेंडा तेवढा बांधावर आलेला. खालची पानं उन्हाने पांढरीफटक पडून कागदासारखी झालेली. चार काठ्यांवर एक लुगडं बांधलं होतं, ते वाऱ्याने फाटून एका काठीला लोंबत होतं. आणि बांधाच्या कडेला, शेंड्याशेजारी पाटावर काकी बसल्या होत्या. हातात काळी छत्री, ती उंच धरलेली, मधल्या हिरव्या सुरळीवर. स्वतःच्या डोक्यावर ऊन. पदरसुद्धा खांद्यावर घसरलेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “काकी! किती वेळ बसलात अशा? फोन का उचलत नाही? ती छत्री आधी आपल्या डोक्यावर धरा!”

“फोन आत हाय. उटली तर ह्याला ऊन लागतं,” त्या म्हणाल्या. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. “लुगडं बांधलं तर वारा फाडतो. चार वाजता डोंगराची सावली येते, मग मी मोकळी.”

“रोज बसता?”

“मग?”

“अहो, सांगत होतो ना पाऊस पडू द्या! ऐकलंत? आता झाडापायी तुम्ही मराल.”

“मना काय होतंय? मी उन्हातलीच हाय,” काकी म्हणाल्या. सुरळीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. “ह्ये घरात वाढलंय, मास्तर. माझ्यापायी ह्याला घरात ऱ्हावं लागलं. ह्याला ऊन ठावं नाय.”

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा जमलं. छत्रीचा दांडा माझ्या हातात कोंबला. “धरा जरा. चा टाकते. दूध नाय, कोरा चालंल ना?”

आणि आत गेल्या. मी, महाडच्या हायस्कुलातला गणिताचा मास्तर, त्या उजाड उतारावर एका झाडावर छत्री धरून उभा राहिलो. ऊन मेंदूपर्यंत पोचत होतं. छत्री लहान होती, एकाच्याच पुरती. नकळत मी ती थोडी माझ्याकडे कलती केली असावी.

“मास्तर,” चुलीपुढून काकींचा आवाज आला, “सरळ धरा. त्याचा कोंब उघडा पडतोय.”

मी छत्री सरळ धरली.